वाटी मृगालाच काढली होती

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी. पेटी म्हटलं की कोणाला गाण्याची आठवते, कोणाला दागिन्यांची. मी त्यांतली नव्हे. माझ्या पोटात सिगारी राहत होत्या. आता मी फणसवाडीत एका दोन खोल्यांच्या घरात कपाटावर असते आणि माझ्या पोटात काही नाही.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना गोड बोलतात. कोणी जपलं, कोणी विसरलं, असू दे म्हणतात. मी असू दे म्हणणार नाही. पाच वर्षं मी एका माणसावर डूख धरून होते आणि तो काढल्याशिवाय राहिले नाही. कसा काढला, तेच सांगणार आहे.

तुमच्यातले जे लहान आहेत त्यांना आधीच सांगते, तंबाखू तुमच्यासाठी नाही. मोठ्यांच्याही तब्येतीला ती चांगली नाही. मला हे सगळं जिच्यामुळे ठाऊक आहे ती बाई तंबाखूच विकत होती, आणि मिसरूड न फुटलेला कोणी आला तर त्याला पायरीवरूनच परत पाठवत होती.

माझा जन्म लालबागचा. गणपत नावाचे एक सुतार गिरणीत सुतारखात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर ते चाळीच्या गॅलरीतच काम करू लागले. त्यांची मुलगी सरोजिनी लग्न होऊन फणसवाडीत गेली होती आणि फोर्टातल्या एका जुन्या तंबाखूच्या दुकानात काउंटरवर उभी राहत होती. दुकानाच्या मालकांना सगळे मोठे शेठ म्हणत. ते सिगारी ठेवायला परदेशातून पेटी मागवणार होते. सरोजिनी म्हणाली, "शेठ, एकदा माझ्या वडलांना विचारून बघा."

गणपतनी मला बाहेरून सागाची केली. आतून कुठलं लाकूड लावायचं यावरून बापलेकीत वाद झाला. सरोजिनी म्हणत होती देवदार.

"देवदार नको गो बाय," गणपत म्हणाले. "त्येचो चीक सुटता. तुझ्या शेटची सिगार राळेची कांडी होतली. तुणीचा लाकूड लावतंय. वास घेऊन बघ."

तिने त्या तांबूस, सुवासिक लाकडाचा वास घेतला आणि देवदाराचा हट्ट सोडला. मग त्यांनी माझं झाकण बसवलं. आठ दिवस नुसतं झाकणच घासत होते. बंद करताना ते धाडकन पडत नसे. आतला वारा हळूहळू बाहेर टाकत, उसासा टाकल्यासारखं खाली बसे. गणपत खूश झाले. "आता ह्या पेटयेच्या आतला बाहेर जावचा नाय नि भायरला आत येवचा नाय," ते म्हणाले. हे वाक्य मी लक्षात ठेवलं. पुढे उपयोगी पडलं.

सिगार म्हणजे शेवटी पानं. फार सुकली की तडकतात, फार भिजली की फुगतात आणि बुरशी धरतात. म्हणून माझ्या कोपऱ्यात एक छोटी स्टीलची वाटी असे. चटणीची असते तेवढी. तिच्यात स्पंज, आणि स्पंजात गाडीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी. मोठ्या शेठकडे एक परदेशी पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं, वाटी कधीही कोरडी पडू देऊ नये. पहिल्या वर्षी त्यांनी तो नियम पाळला. श्रावणात माझ्यातल्या अकरा सिगारींना पांढरी लव आली.

मोठे शेठ पुस्तक उलटंपालटं करून बघत बसले. सरोजिनी म्हणाली, "शेठ, पुस्तक थंडीच्या देशातलं आहे. आपल्याकडे आत्ता पापड मऊ पडतात, मिठाला पाणी सुटतं. हवाच पाणी पाजते आहे, आपण आणखी कशाला पाजायचं?"

त्या दिवशी तिने आपला नियम केला. मृग लागला की वाटी बाहेर. दसऱ्याला सोनं वाटून झालं की वाटी आत. आणि विसरायला नको म्हणून ती लिहून ठेवू लागली. तिच्या वडलांना मापं लाकडावरच पेन्सिलने लिहायची सवय होती, तीच तिला. माझ्या तळाशी एक लाकडी तबक आहे. ते उचलून ती त्याच्या खालच्या बाजूला लिहायची. वाटी काढली, ८ जून. वाटी ठेवली, दसरा. दर वर्षी दोन ओळी. तिच्याशिवाय ते तबक कोणी कधी उचललं नाही.

सरोजिनीने आयुष्यात एकही सिगार ओढली नाही. घरी तिला उदबत्तीच्या धुरानेही खोकला यायचा. तिला जे कळत होतं ते बोटांनी, नाकाने आणि विचारून. गिऱ्हाईक पुन्हा आलं की ती विचारी, "मागची कशी होती? कुठे कडू लागली? सुरुवातीला की शेवटी?" लोक सांगत आणि ती लक्षात ठेवी.

पहिल्यांदा सिगार घ्यायला आलेल्या माणसाशी ती कशी वागे, ते एकदा ऐकाच. जगदीश नावाचा एक जण आला होता. घामाने निथळत होता आणि हसत होता.

"मॅडम, मुलगी झाली. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात काळी द्या."

"अभिनंदन. जेवलात का?"

"काय?"

"जेवलात का? दोन वाजलेत."

"सकाळी चहा घेतला. हॉस्पिटलमधून डायरेक्ट आलोय."

"मग आत्ता नाही मिळणार. रिकाम्या पोटी पहिली सिगार घेतली की घाम फुटतो, ढवळतं. बाळंतिणीच्या शेजारच्या खाटेवर झोपायचंय का? कोपऱ्यावर पोळीभाजी मिळते. खाऊन या."

तो खरंच खाऊन आला. तिच्यासाठी पेढेही घेऊन आला.

"हां, आता बोला," ती म्हणाली. "मोठी कशाला हवी? मोठी म्हणजे दीड तास बसायचं. आहे तेवढा वेळ?"

"बायको मारेल."

"मग ही बोटाएवढी. अर्ध्यापाऊण तासात होते. आणि पानाचा रंग फिकाच घ्या. काळी म्हणजे कडकच असं नसतं, पण पहिल्याला सौम्य बरी. हात पुढे करा. दाबून बघा. तशी नाही हो, बस पकडल्यासारखी! बाळाचा गाल कसा बघाल? तसं. गाठ लागते कुठे?"

"नाही."

"पोकळ?"

"नाही. सगळीकडे सारखीच."

"मग चांगली आहे. गाठ असली की धूर ओढला जात नाही, पोकळ असली की भराभर जळते. वरचं पान बघा, तडा नको, शिरा जाड नकोत. ही हिची टोपी. कापायची ती एवढीच, नखाएवढी. जास्त कापली की धोतर सुटल्यासारखं सगळं पान सुटत जातं."

जगदीश हसला. ती हसली नाही.

"पेट्रोलचा लायटर नको, त्याचा वास बसतो. काडी घ्या. काडीचं गूल जळून जाऊ दे. मग टोक ज्योतीच्या वर धरायचं, ज्योतीत नाही, आणि फिरवत राहायचं. भाकरी कडेने शेकतो ना, तसं."

"भाकरी आई करते."

"मग आता तुम्ही शिका, मुलगी झालीय. धूर तोंडात घ्यायचा, चव बघायची, सोडून द्यायचा. छातीत न्यायचा नाही. मिनिटाला एक झुरका पुरे. घाई केली की गरम होते आणि कडू लागते. राख सारखी झटकू नका, ती आपली पडते. आणि शेवटी चिरडायची नाही. ठेवून द्यायची. आपली आपण विझते."

"आणि पुढची कधी घेऊ?"

"बारशाला. रोज मागायला आलात तर मी ओळख दाखवणार नाही."

असे कितीतरी जगदीश आले. तीस वर्षं माणसं फोर्टात येऊन विचारत होती, बाई आहेत का? मोठे शेठ म्हणत, दुकान माझं, पण गिऱ्हाईक सरोजिनीचं. मला तेव्हा वाटे, आपलं बरं चाललं आहे.

मग मोठे शेठ गेले. त्यांचा मुलगा हितेंद्र दुकानात बसू लागला. तो मनाने वाईट नव्हता असं एखादी समजूतदार पेटी म्हणाली असती. मी म्हणणार नाही. तो परदेशात जाऊन दोन आठवड्यांचा सिगारींचा अभ्यासक्रम करून आला होता. प्रमाणपत्र त्याने चौकटीत बसवून भिंतीवर लावलं होतं. तिथेही त्याला तेच शिकवलं होतं, वाटी कधीही कोरडी पडू देऊ नये.

त्या वर्षी गौरीगणपतीला सरोजिनी पाच दिवस लालबागला माहेरी गेली. वाटी जूनमध्येच बाहेर आली होती आणि काउंटरच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी हितेंद्रने माझं झाकण उघडलं. "वाटीच नाही! बाईंचं लक्ष कुठे असतं?" असं स्वतःशीच म्हणाला. खणातून वाटी काढली, काठोकाठ भरली आणि माझ्या कोपऱ्यात ठेवली. झाकण लावलं. मी आतून ओरडत होते. पण पेटीचं ओरडणं कोण ऐकणार?

गौरी विसर्जन करून सरोजिनी परत आली. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिने माझं झाकण उघडलं आणि तिचा हात तसाच राहिला. सगळ्या सिगारींवर कापसासारखी बुरशी होती.

हितेंद्र पुढे आला. त्याला वाटी दिसली. ती कोणी ठेवली हे त्याला त्या क्षणी आठवलं. मी त्याचा चेहरा अगदी जवळून पाहिला आहे. त्याला आठवलं. मग त्याने त्या तीन गिऱ्हाइकांकडे बघितलं आणि म्हणाला, "सरोजिनीबाई, जाताना वाटी भरून गेलात?"

"नाही शेठ. मी वाटी मृगालाच काढली होती."

"काढली होती? मग ती काय चालत आली?"

गिऱ्हाइकं हसली.

"पेटीचा तळ बघा," ती म्हणाली. "तबकाच्या खाली मी लिहिते. एकदा बघू द्या मला."

"पेटीला हात लावू नका आता. वय झालं तुमचं, विसरायला होतं. घरी बसा, आराम करा."

तिने डब्याची पिशवी घेतली आणि ती गेली. पायरीवर एकदा मागे वळून तिने माझ्याकडे बघितलं. माझा तळ तिच्या पुराव्याने भरलेला होता आणि मला तो उलटा करून दाखवता येत नव्हता.

पुढचं मला फार उशिरा कळलं, पण इथेच सांगते. सरोजिनीचे यजमान रमाकांत. सरकारी कचेरीत कारकून होते, तेव्हा निवृत्त झालेले. भांडणाला घाबरणारा माणूस. सरोजिनीने घरी येऊन हितेंद्रचा शब्द न् शब्द सांगितला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही एकदा दुकानात जा. तबक उचलून बघून या. तिथे लिहिलंय." रमाकांत म्हणाले, "जाऊ दे गं. आपल्याला काय करायचंय आता?"

महिन्याभराने ती पुन्हा म्हणाली, "बघून या ना." ते म्हणाले, "दिवाळी होऊ दे."

मग महामारी आली आणि वर्षं गेली. या वर्षांत तिच्या डोक्यात एक किडा शिरला. गॅस बंद केला की नाही हे ती पुन्हा जाऊन बघू लागली. दाराला कुलूप लावून खाली उतरायची आणि परत वर यायची. जिची बोटं सिगारीतली गाठ न बघता सांगत, तिचा आपल्या बोटांवरचा विश्वास गेला. भाजी चिरताना मधेच थांबून विचारायची, "काय हो, मीच ठेवली असेन का वाटी?" रमाकांत म्हणत, "नाही गं." पण ते बघून आले नव्हते, हे तिला ठाऊक होतं. तिसऱ्यांदा तिने सांगितलं ते हॉस्पिटलात. "एकदा बघून या. म्हणजे मला कळेल." ते म्हणाले, "आधी बरी हो." ती बरी झाली नाही. हृदय थकलं होतं. तिसऱ्या दिवशी गेली.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हितेंद्रने तोवर फोर्टातलं दुकान बंद करून वरळीला काचेचं एक झकपक दालन उघडलं होतं आणि मला मध्यभागी टेबलावर ठेवलं होतं. दर शनिवारी तो 'पहिली सिगार' नावाचा वर्ग घ्यायचा. दहा-पंधरा नवखी माणसं यायची. त्यांच्या हातात एक सुंदर कार्ड दिलं जाई. त्यावर सोनेरी अक्षरात छापलं होतं, 'जेवलात का?' खाली बारीक अक्षरात, 'आमच्या घराण्याची परंपरा.' बाळाचा गाल, भाकरीची कड, सुटलेलं धोतर, सगळं तो सांगे. तिच्याच शब्दांत. तिचं नाव घेत नसे.

दर वर्गात एकदाच तिची आठवण काढी. "आमच्याकडे एक वयस्कर बाई होत्या. पावसाळ्यात वाटी भरून ठेवली आणि गेल्या गणपतीला. संपूर्ण माल गेला! सो फ्रेंड्स, सिगार ही विसराळू माणसाची गोष्ट नाही." लोक हसत. शनिवारी, शनिवारी, शनिवारी. मित्रांनो, लाकूड मुकं असतं, पण बहिरं नसतं. तो प्रत्येक हशा मी माझ्या तुणीच्या फळ्यांत मुरवून ठेवला.

त्या दालनात बारा महिने यंत्राची कोरडी हवा सोडलेली असे, म्हणून त्याची भरलेली वाटी खपून जाई. मी वाट बघत राहिले.

गेल्या वर्षाच्या आदल्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होते. हितेंद्र सात दिवस दालन बंद करून अलिबागला निघाला. जाण्याआधी त्याने स्वतःच्या हाताने वाटी काठोकाठ भरली, झाकण लावलं आणि मग दालनाचं मुख्य बटण खाली केलं. हवेचं यंत्र बंद. काचेचं दालन, वर ऊन, बाजूला समुद्र.

मी काय केलं विचाराल, तर मी काहीच केलं नाही. गणपतनी सांगितलं होतं तसं आतलं बाहेर जाऊ दिलं नाही आणि बाहेरचं आत येऊ दिलं नाही. झाकण जरा फुगवून घेतलं असतं, एखादी फट सोडली असती, तर थोड्या सिगारी वाचल्या असत्या. त्यांचा काही दोष नव्हता. कुठल्या लांबच्या देशात कोणीतरी त्या हाताने वळल्या होत्या. चौथ्या दिवशी पहिलीवर लव आली तेव्हा मला वाईट वाटलं. तरीही मी फट सोडली नाही.

तिकडे फणसवाडीत, त्याच आठवड्यात, नूपुरने एक चित्रफीत पाहिली. नूपुर सरोजिनी-रमाकांतची मुलगी, वरळीलाच एका ऑफिसात काम करते. तिच्या ऑफिसातल्या कोणीतरी 'पहिली सिगार'ची चित्रफीत पाठवली होती. तिने फोन वडलांपुढे धरला.

"बाबा, हा माणूस आईबद्दल बोलतोय."

रमाकांतनी ती तीनदा पाहिली. मग म्हणाले, "त्या वर्गात नाव घालता येतं का गं?"

शनिवारी ते दोघे आले. रमाकांतच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. दोघे पहिल्या रांगेत बसले. हितेंद्रने त्यांना ओळखलं नाही. ओळखणार कसा? बायको तीस वर्षं जिथे उभी होती तिथे हा माणूस एकदाही आला नव्हता.

"वेलकम काका! या वयात पहिली सिगार? क्या बात है. जेवलात का?"

"जेवलोय," रमाकांत म्हणाले. "हे वाक्य कोणाचं हो?"

"आजोबांचं. घराण्याची परंपरा आहे."

रमाकांतनी मान हलवली. हितेंद्र पुढे बोलत गेला. वाटीवर आला. "मी ही वाटी कोणाला हात लावू देत नाही. दर आठवड्याला स्वतः भरतो. बारा महिने." आणि मग ती गोष्ट, वयस्कर बाई, गणपती, संपूर्ण माल. लोक हसले. नूपुरने वडलांचा हात घट्ट धरला.

रमाकांतनी कचेरीत धरतात तसा हात वर केला.

"एक शंका आहे. आता भाद्रपदच चालू आहे. आत्ता वाटी भरलेली आहे?"

"ऑफ कोर्स."

"स्वतः भरलीत?"

"जायच्या आधी स्वतः. काका, तुम्हाला फारच इंटरेस्ट आहे. या, तुमच्याच हाताने उघडा. पहिली सिगार तुम्ही निवडा."

रमाकांत उठले. मी त्यांना प्रथमच पाहत होते. त्यांनी झाकण उघडलं.

वास आधी आला. जुन्या ओल्या गोणपाटासारखा. मग पुढच्या रांगेतली माणसं वाकून बघू लागली. चाळीस सिगारी एका ओळीत, आणि सगळ्यांच्या अंगावर पांढरी लोकर.

"ई," मागून एक बाई म्हणाली. "हे असंच असतं का?"

"नाही नाही," हितेंद्र म्हणाला. "हे स्टाफने काहीतरी... कोणीतरी वाटी जास्त भरली असेल."

"तुम्ही कोणाला हात लावू देत नाही ना?" एक तरुण म्हणाला. "आत्ताच बोललात."

हितेंद्र झाकण लावायला पुढे झाला.

रमाकांतनी त्याच्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मग ती काय चालत आली?"

लोक हसले. खूप हसले. त्यांना काय माहीत ते वाक्य कोणाचं होतं ते. हितेंद्रला मात्र माहीत होतं. तो रमाकांतकडे नीट बघू लागला आणि मग त्याला कळलं आपल्यापुढे कोण उभं आहे. मित्रांनो, त्या क्षणासाठी मी पाच वर्षं थांबले होते. मला तो फार गोड लागला.

नूपुरने बुरशीच्या सिगारी बाजूला काढल्या, माझं तबक उचललं आणि उलटं केलं. तीस वर्षांच्या पेन्सिलच्या ओळी. ती मोठ्याने वाचत गेली. वाटी काढली, वाटी ठेवली. काढली, ठेवली. एकही वर्ष सुटलेलं नव्हतं. मग शेवटची ओळ.

"वाटी काढली. ८ जून २०१९." तिने तबक हितेंद्रपुढे धरलं. "यानंतर 'ठेवली' नाहीये. माझ्या आईने ठेवलीच नव्हती."

"लिहायला विसरल्या असतील," हितेंद्र पुटपुटला.

"तीस वर्षांत एकदा तरी विसरली का ते दाखवा," रमाकांत म्हणाले. त्यांचा आवाज मोठा झाला होता. त्यांनाच त्याचं आश्चर्य वाटलेलं दिसलं. "आणि 'एक बाई' म्हणायचं नाही. तिला नाव होतं. ते घ्या. वाटी कोणी ठेवली होती तेही सांगा. या सगळ्यांच्या समोर. तुम्ही तिला सांगितलंत ते चार माणसांसमोरच सांगितलं होतंत."

हितेंद्रने एकदा दाराकडे बघितलं.

"सरोजिनीबाई," हितेंद्र म्हणाला. "वाटी मी ठेवली होती."

"ऐकू नाही आलं हो," मागची बाई म्हणाली.

त्याला पुन्हा म्हणावं लागलं.

मग तो चिडून म्हणाला, "घेऊन जा ती पेटी. मला नको समोर."

"नेणारच आहे," रमाकांत म्हणाले. "माझ्या सासऱ्यांनी केली आहे."

टॅक्सीत मी नूपुरच्या मांडीवर होते. मला वाटत होतं, घरी गेल्यावर दार सरोजिनी उघडेल. ती माझं तबक उलटं करून म्हणेल, बघा, मी सांगत होते ना? दार कुलूपबंद होतं. आत भिंतीवर तिचा फोटो होता आणि त्याला हार होता. मग नूपुर बोलू लागली आणि रमाकांत बोलू लागले, आणि ते तीनदा म्हटलेलं 'बघून या' माझ्या कानांवर आलं. हितेंद्रवरचा डूख मी त्या संध्याकाळी काढून टाकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा धरला. या माणसावर.

मित्रांनो, तुमच्या घरात जुन्या वस्तू असतील तर त्यांना जपा. पावसाळ्यात लाकडाला पाणी पाजू नका. कोणाचं तरी हस्ताक्षर कुठल्या तळाशी असेल तर वेळेत बघून घ्या. आणि घरातलं माणूस म्हणालं, एकदा बघून या, तर उठा. चपला घाला आणि जा. दिवाळीची वाट बघू नका. बघायला काही नसलं तरी जा. मला सूड मिळाला, पण ज्या बाईला उत्तर हवं होतं तिला ते मिळालं नाही.

त्या सकाळी रमाकांतनी चष्मा लावला, माझं तबक काढून मांडीवर उलटं घेतलं. शेवटच्या ओळीखाली बोट ठेवून ती पुन्हा वाचली. मग पेन्सिल आणली. लिहायला गेले तर टोक मोडलं. ते मी मोडलं. त्यांनी टोक काढलं, पुन्हा लिहायला गेले. पुन्हा मोडलं. तेही मीच. त्यांनी न चिडता तिसऱ्यांदा टोक काढलं.

तिसऱ्यांदा मी त्यांना लिहू दिलं. तिच्या ओळीच्या बरोबर खाली, कारकुनी गोल अक्षरात त्यांनी तारीख घातली आणि लिहिलं, 'बघून आलो.'